उलटी बसलेली टोपी

मागच्या महिन्यात गोधड्यांवर लिहिलं, तेव्हा शेवटी सहज एक वाक्य टाकलं होतं, की ओहायोतल्या माझ्या गोधडीवाल्या मैत्रिणीच्या नवऱ्याशी माझं कडाक्याचं भांडण झालं, पण ते पुन्हा कधीतरी. झालं! गोधड्या राहिल्या बाजूला, प्रत्येकाला भांडणच हवं. ब्लॉगवाल्या मंडळींनी विचारलंच, आणि आमच्या नणंदबाईंनी तर रात्री साडेनऊला फोन करून "वहिनी, अर्धवट सांगायची सवय सोडा" असा दमच भरला.

तर सांगते. विषय जरा विचित्र आहे. बंदुकीच्या काडतुसांचा. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या, तीस-बत्तीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवलेल्या बाईचा काडतुसांशी काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. सूनबाईही हेच म्हणाली. पण संबंध आहे. तो पुढे येईलच.

मुलगा राहतो ते गाव कोलंबसपासून तासाभरावर. शेजारी एक जोडपं, आमच्याच वयाचं. बाई गोधड्या शिवतात, नवरा लेथवर काम करून निवृत्त झालेला. (नावं लिहीत नाही. मी त्याला मनात शेजारबुवा म्हणते, इथेही तेच.) माझं इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकातलं, त्याचं नाकातलं, पण हातात काम असलं की भाषेचं फार अडत नाही. बाईंच्या शिवणाच्या खोलीतून गॅरेजचं दार दिसायचं आणि तिथे हा गृहस्थ एका बाकाशी बसून तासन्‌तास काहीतरी दाबत असायचा. मला वाटलं घड्याळं दुरुस्त करतो. एक दिवस डोकावले, तर काडतुसं भरत होता.

आपल्याकडे असं घरात बसून काडतूस भरायला गेलात तर गजाआड जाल. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. तिकडे स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, आणि हजारो माणसं ते करतात, जसे आपल्याकडे लोक घरी मसाला कुटतात. शेजारबुवा हरणाच्या शिकारीला जातो. ओहायोत २०१४ पासून त्यासाठी सरळ पुंगळीच्या काडतुसांची रायफल चालते. तोवर शॉटगन, पिस्तूल नाहीतर ठासणीची बंदूक. ठासणीची म्हटल्यावर माझे कान टवकारले, पण तेही पुढे. त्याची रायफल ४५-७० नावाच्या काडतुसाची. हे काडतूस अमेरिकन सैन्याने १८७३ साली काढलं, म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळातलं. दुकानात महाग पडतं, म्हणून तो उडवलेल्या पुंगळ्या उचलून घरी आणतो, घासूनपुसून पुन्हा भरतो. एकेक पुंगळी कित्येकदा वापरतो.

हे ऐकून मला तो माणूस एकदम आवडला. आमच्या घरात रिकामा डबा, दोरा, खाकी कागद कधी टाकला गेला नाही. लग्नाच्या पत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर मी अजून वाणसामानाची यादी लिहिते. तेव्हा पितळेची पुंगळी दहादा वापरणारा अमेरिकन म्हणजे मला आपला माणूसच वाटला.

आता काडतूस म्हणजे काय ते थोडक्यात, नाहीतर भांडण समजणार नाही. चार वस्तू असतात. पितळेची पुंगळी, तिच्यात दारू, तोंडाशी गोळी, आणि बुडाला बसवलेली एक इवलीशी टोपी. तिला ते लोक प्रायमर म्हणतात. (प्रायमर म्हटल्यावर मला अंकलिपी आठवली, सूनबाईला मेकअप आणि मुलाला भिंतीचा रंग. शब्दांचीही कशी मजा असते.) ही टोपी अख्ख्या मसुराएवढी. नीट पाहिली तर एक धातूची वाटी, वाटीत चिमटीत न मावेल इतका थोडा स्फोटक मसाला, आणि वर तीन पायांची एक चिमुकली ऐरण. टोपी पुंगळीच्या खोबणीत अशी बसते की वाटीची पाठ बाहेर आणि ऐरण आत. घोडा पडला की सुई वाटीच्या पाठीवर आदळते, मसाला ऐरणीवर चिरडतो, आणि ज्वाळा मधल्या भोकातून आत जाऊन दारू पेटवते. सगळा कारभार त्या मसुराएवढ्या टोपीवर.

इतिहासाच्या बाईला इथे राहवत नाही, दोन वाक्यं सहन करा. ठोक्याने पेटणाऱ्या मसाल्याची कल्पना अलेक्झांडर फोर्साइथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाची, पेटंट १८०७ चं. त्याला पक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता आणि चकमकीच्या बंदुकीचा जाळ आधी दिसून पक्षी उडून जात! पुढे दोन तऱ्हेच्या टोप्या झाल्या, दोन्हींची पेटंटं १८६६ ची. एक इंग्रज बॉक्सरची, दुसरी अमेरिकन बर्डनची. इंग्रजाची अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची युरोपात. बॉक्सरच्या पुंगळीला मधोमध एकच भोक असतं, त्यातून सुई घालून जुनी टोपी ढकलून काढता येते. म्हणून तर घरी भरणं सोपं. आणि १८५७ ची ती चरबी लावलेली काडतुसं आपण शिकवतो ना, ती कागदाची होती, त्यांत टोपी नव्हतीच. टोपी वेगळी, बंदुकीच्या निपलवर बसवायची. हे वर्गात सांगितलं की मुलं नेहमी विचारायची, मग बाई, दाताने तोडायचं काय? कागद, बाळांनो, कागद.

असो. आता मुद्दा.

शेजारबुवाच्या बाकाला एक लोखंडी प्रेस बोल्टने घट्ट बसवलेला आहे. लांब दांडा खाली ओढायचा, जुनी टोपी निघते, पुंगळी मापात येते. नवी टोपी तो हातातल्या चिमट्यासारख्या अवजाराने बसवतो. शंभरात एखाददुसरी चुकते. कधी टोपी पुरती आत जात नाही, बुडाच्या वर किंचित उंच राहते. कधी बसवायच्या अवजारात ती कलंडलेली असते आणि उलटी बसते, ऐरण बाहेर नि पाठ आत. आणि कधी आडवी शिरते आणि चेपते. आडवी का शिरते, तेही त्याने दाखवलं. खोबणीत काजळी साचलेली असते, किंवा पुंगळी लष्करी असते आणि तिच्या खोबणीची कड टोपी निसटू नये म्हणून आत दुमडलेली असते. ती कड आधी मोकळी न करता नवी टोपी दाबली की ती बिचारी जाणार कुठे? शिवाय टोप्यांची दोन मापं, लहान आणि मोठी. पॉईंट ४५ च्या पिस्तुलाच्या पुंगळ्या बाहेरून सारख्या दिसतात, पण काहींची खोबणी मोठ्या टोपीची तर काहींची लहान टोपीची. मिसळल्या की गोंधळ.

चुकलेल्या टोप्यांचं काय करायचं, हा आमच्या भांडणाचा विषय.

उंच राहिलेल्या टोपीबद्दल आमचं दुमत नाही. पुंगळी अजून रिकामी असेल, तर तीच टोपी आणखी थोडी दाबून बुडाच्या किंचित आत जाईपर्यंत बसवायची. तो प्रत्येक पुंगळीच्या बुडावरून बोटाचं पेर फिरवतो, आपण भाकरीच्या पिठात खडा लागतो का बघावा तसं. उंच राहिलेली टोपी तशीच बंदुकीत गेली तर पहिला ठोका तिला नुसतं खाली बसवण्यातच वाया जातो आणि बार होत नाही. काही बंदुकांत याहून वाईट होतं, पुंगळी पूर्ण आत बसून बंद व्हायच्या आधीच बार होऊ शकतो. दारू आणि गोळी भरून झाल्यावर मात्र ती टोपी दाबायला जाऊ नये. हे त्यालाही मान्य. आडवी, चेपलेली टोपी तर तो वाचवतच नाही. पुंगळीसकट तेलात बुडवून वेगळी ठेवतो आणि गावच्या फायर ब्रिगेडला विचारून तिकडे देऊन येतो.

भांडण उलट्या टोपीचं. शेजारबुवा ती ढकलून काढतो. प्रेसमध्ये रिकामी पुंगळी लावून, चष्मा घालून, कानाला बोंडं लावून, दांडा अगदी हळू, लोणी कढवताना आपण आच जशी मंद ठेवतो तसा. त्याचं म्हणणं, टोपी फुटते ती ठोक्याने, सावकाश दाबाने नाही. "बहुतेक वेळा," असं तो प्रामाणिकपणे जोडतो. हट्टी टोपी अडकून बसते आणि मग एकदम सुटते, तो झटका वाईट. निघालेली टोपी तो भिंगातून बघतो. ऐरण जागेवर असेल, मसाला कुठे उडालेला नसेल, तर सुलटी करून पुन्हा वापरतो. अशा काडतुसाच्या बुडावर काळ्या पेनने टिंब. टिंबाची काडतुसं फक्त सरावाला, शिकारीला नाहीत.

आणि ज्या टोप्या लगेच वापरायच्या नसतील, त्या फळीवरच्या जॅमच्या काचेच्या बाटलीत.

ती बाटली बघितली आणि माझ्या पोटात गोळा आला.

आता पुढचं लिहिते ते धाकट्या भावाची परवानगी घेऊन. तो हे वाचतो, आणि वाचून झालं की शुद्धलेखनाच्या चुकाही कळवतो. १९६१ ची दिवाळी. मी दहा वर्षांची, तो आठचा. फटाके आम्हाला मोजून मिळायचे, लवंगीची माळ सोडवून एकेक लवंगी वाजवायची. त्यामुळे भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गावभर फिरून न वाजलेले, फुसके फटाके गोळा करणं हा आमचा मोठा उद्योग. ते मोडून आतली दारू कागदावर काढायची आणि कागद पेटवून सुर्र करायचं. सगळेच करत. त्या वर्षी खूप जमली. भाऊ म्हणाला, सगळी आत्ताच नको पेटवूया. मी म्हटलं, कशाला फुकट घालवायची, बाटलीत भरून ठेवू, तुळशीच्या लग्नाला होईल. मलमाची काचेची रिकामी बाटली मीच शोधून दिली. टिकल्याही होत्या, पिस्तुलातल्या. त्याही मीच सोलून आत टाकायला सांगितल्या. भाऊ काडीने ती दारू खाली चेपत होता, आणखी मावावी म्हणून.

त्याचा डावा डोळा गेला.

कुणी मला बोललं नाही. आईसुद्धा नाही. ती बाटली कुणी दिली हे वडिलांनी कधी विचारलं नाही आणि मीही पुष्कळ वर्षं सांगितलं नाही. भावाने एका डोळ्यावर पोस्टात पस्तीस वर्षं नोकरी केली, बारीक अक्षरातले पत्ते वाचले. पण काचेच्या बाटलीत 'पुढे उपयोगी पडेल' म्हणून साठवलेली स्फोटक वस्तू मला दिसली की माझा हात आपोआप डाव्या डोळ्याकडे जातो.

हे सगळं मला त्या दिवशी इंग्रजीत सांगता आलं नाही. मी नुसतं "नो बॉटल, नो बॉटल" म्हणत राहिले. शेजारबुवाला वाटलं म्हातारी घाबरली. हसला. मग मी रागावले. वर्गात रागवायचे तशी, आणि मराठीत. त्याची बायको शिवण टाकून धावत आली. संध्याकाळी मुलाला घेऊन पुन्हा गेले आणि त्याच्या तोंडून सगळं सांगितलं. मुलालाही बाटली मी दिली होती हे तेव्हाच पहिल्यांदा कळलं.

शेजारबुवा बराच वेळ गप्प बसला. मग उठून बाटली दोन्ही हातांनी खाली काढली.

बाटलीबद्दल खरं तर त्याला माहीत होतं. अमेरिकेत दारूगोळा बनवणाऱ्यांची सामी नावाची १९२६ पासूनची संस्था आहे. टोप्या कारखान्याच्या मूळ डब्यातच ठेवा, सुट्या एकत्र ओतून ठेवू नका, असं त्यांचं पत्रक बजावून सांगतं. कारखाना टोप्या ट्रेमध्ये एकमेकींपासून अलग का बसवतो? एक फुटली तर दुसरीला लागू नये म्हणून. सुट्या, एकमेकींवर पडलेल्या, त्याही काचेत, म्हणजे एकीने सगळ्या. लेथवर आयुष्य काढलेल्या माणसाला हे न कळण्यासारखं नाही. पण रोज नजरेसमोर असलेल्या वस्तूची भीती निघून जाते. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत तेजाबाच्या बाटल्यांशेजारी शिपाई चहाचे कप ठेवायचा, त्यातलाच प्रकार.

इथवर मी जिंकले. पण भांडण संपलं नाही, कारण बाटली गेली तरी प्रश्न राहिला. काढलेली टोपी पुन्हा वापरावी की नाही?

त्याची बाजू आधी सांगते, कारण ती खुळी नाही. हातभरणीच्या पुस्तकांतल्या नियमात असतं की जिवंत टोपी ढकलून काढूच नका. आधी ती पुंगळी रिकामीच योग्य त्या बंदुकीत घालून टोपी उडवा, मग काढा. छान. पण उलटी बसलेली टोपी उडवणार कशी? सुई ऐरणीच्या बाजूने आदळते, उडेल तर उडेल. म्हणजे काढावी लागतेच, किंवा चांगल्या पुंगळीसकट टाकावी लागते. बरं, काढली. टाकायची कशी? लोक म्हणतात तेलात नाहीतर पाण्यात बुडवा. पण त्याचा भरवसा नाही, पाण्यात भिजलेली टोपी वाळली की पुन्हा जिवंत होऊ शकते. कचऱ्यात टाकली आणि कचरागाडीत चेपली गेली तर? म्हणजे खात्रीने संपवायची तर सुलटी करून पुन्हा रिकाम्या पुंगळीत बसवून बंदुकीत उडवणं आलं. "मग बाई," शेजारबुवा म्हणतो, "बसवायचीच आहे पुन्हा, तर वर दारू नि गोळी का घालू नये?"

दोन दिवस मला याला उत्तर सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी सुचलं, आणि ते वडिलांकडून आलं.

आमचं गाव कणकवलीच्या बाजूचं. शेतात रानडुकरं आणि माकडं. वडिलांकडे शेतीच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. तिला वरून केप लागायची, म्हणजे तीच ती टोपी, तांब्याची. पावसाळ्यात कोकणात मीठ पाझरतं तिथे केपांची काय कथा? दमट झालेल्या केपा वडील चुलीपासून हातभर लांब, सुपात पसरून सुकवायचे आणि पुन्हा डबीत भरायचे. काटकसर! एका रात्री डुक्कर बांधावर आलं, वडिलांनी चाप ओढला, केप नुसती टक्‌ झाली. त्यांनी बंदूक खाली घेतली नाही. नळी शेताकडेच धरून ते हळूहळू आकडे मोजत उभे राहिले, मी मागे कंदील धरून. डुक्कर निघून गेलं तरी मोजतच होते. केप वाजली नाही तर शंभर मोजायचे, हा त्यांचा नियम, कारण कधीकधी आतली ठिणगी रेंगाळते आणि बार उशिरा होतो. त्या रात्री तसं झालं नाही. पण दुसऱ्या दिवशी वडिलांनी सुकवलेल्या सगळ्या केपा एकेक करून मोकळ्या बंदुकीवर वाजवून संपवल्या. बऱ्याचशा चांगल्या वाजल्या. आईने विचारलं, चांगल्या होत्या तर वाया का घालवल्या? वडील म्हणाले, "कुठली चांगली नि कुठली वाईट, ते वाजवल्याशिवाय कळतं का?"

हेच माझं शेजारबुवाला उत्तर. रिकाम्या पुंगळीत टोपी उडाली नाही तर काय झालं? काही नाही. अर्धा मिनिट थांबलो, काढली. पण वर दारू आणि गोळी असताना तीच टोपी अर्धीमुर्धी पेटली तर? मसाल्याचा एक कण उडालेला, ऐरण केसभर सरकलेली, भिंगातून न दिसलेली. दारू नीट पेटत नाही, गोळी नळीतच अडकून बसते, आवाज जरा कमी येतो, एवढंच. आणि माणसाने तिकडे लक्ष न देता दुसरं काडतूस घातलं, तर समोर अडकलेल्या गोळीमुळे नळी फाटू शकते. हे मी माझ्या मनचं सांगत नाही, शेजारबुवानेच मला आधी समजावलं होतं! म्हणून तर तो सरावात प्रत्येक बारानंतर कान देऊन ऐकतो.

तो म्हणाला, म्हणूनच टिंब. टिंबाची फक्त सरावाला.

टिंबावर माझा विश्वास नाही. शाळेत आम्ही 'तात्पुरतं' म्हणून लावलेलं वेळापत्रक वर्षाच्या शेवटापर्यंत चालायचं. पेनचं टिंब तेलकट बोटाने पुसतं. सरावाला नेलेली उरलेली काडतुसं खिशात राहतात. नातू मोठा होतो, आजोबांच्या कपाटातला डबा उघडतो, त्याला टिंबाचा अर्थ कोण सांगणार? शिवाय वाचवतो किती? टोप्या हजाराच्या खोक्यात येतात. २०२० च्या टंचाईआधी एक टोपी तीन-चार सेंटला पडायची, नंतर दहाच्या आसपास गेली, असं त्याचंच गणित. शंभरात एक चुकली तर वर्षाला वाचले फार तर डॉलरभर. पुंगळी वाचव की, ती पितळेची आहे, सगळ्यात महाग आहे, दहादा वापरली तर दिसते तरी कुठे चीर गेली ते. टोपीच्या पोटातलं काही दिसत नाही. आमच्याकडे याला दात कोरून पोट भरणं म्हणतात. हे मुलाने भाषांतर करून सांगितल्यावर शेजारबुवाने टूथपिक आहे का म्हणून विचारलं!

मी काटकसरीच्या विरुद्ध बोलते आहे असं समजू नका. उसवलेला दोरा मी गुंडाळून ठेवते, कच्च्या टाक्याला चालतो. त्या दोऱ्याने मी शाळेच्या दप्तराचा बंद मात्र कधी शिवला नाही. तुटला तर पोरगं रस्त्यात पडायचं. कुठली जुनी वस्तू पुन्हा वापरायची हे ठरवताना मी तिची किंमत शेवटी बघते. आधी बघते की ती दगा देईल तेव्हा कोण जवळ असेल.

बाटलीचं काय झालं ते सांगायचं राहिलं. मी निघण्याआधी दोन दुपारी खर्ची घालून शेजारबुवाने त्या टोप्या एकेक करून रिकाम्या पुंगळ्यांत बसवल्या आणि परसात मातीच्या ढिगाऱ्याकडे नळी करून उडवल्या. मी आणि त्याची बायको खिडकीतून मोजत होतो. एकोणसत्तर होत्या. पासष्ट वाजल्या, चार नाही. त्यानंतर आत येऊन त्याने साबणाने हात धुतले. (टोपीच्या मसाल्यात शिसं असतं, त्यामुळे हात न धुता कॉफीचा मग धरायचा नाही, हे मी पहिल्या आठवड्यातच बजावलं होतं.) मग टेबलाशी बसून तो विजयी मुद्रेने म्हणाला, "पासष्ट!" मी म्हटलं, "चार!"

बाटली आता गॅरेजमध्ये नाही. पण उलटी टोपी काढून लगेच सुलटी बसवायची सवय त्याने सोडलेली नाही, टिंबही तसंच चालू आहे, असं मुलगा सांगतो. शिकारीच्या काडतुसांना मात्र तो आता निराळ्या रंगाचा डबा ठेवतो आणि डब्याला कुलूप. एवढं त्याच्या बायकोने करवून घेतलं, मी नाही. या ऑक्टोबरात पुन्हा तिकडे जायचं आहे. भाऊही यायचं म्हणतोय. त्याला ते गॅरेज बघायचंय.